आमच्या सर्व्हरवर यायच्या आधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरचे आम्ही चाळीसेक पक्षिवेडे. काही कळवा-नौपाड्याचे, बरेचसे ऐरोली, घणसोली, नेरूळचे. दीड वर्षापूर्वी आम्ही मास्टोडॉनचा (ट्विटरसारखं, पण एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं समाजमाध्यम) स्वतःचा छोटा सर्व्हर उभा केला. तेव्हापासून रविवारी ऐरोलीला पाणथळीवर कुणी नवं माणूस आलं की दुर्बीण बाजूला राहते आणि तेच प्रश्न सुरू होतात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडून जातात, मी आपली सर्व्हर म्हणजे काय ते सांगत उभी. म्हणून हे एकदाच लिहून ठेवते आहे.

मास्टोडॉन, फेडिव्हर्स… हे नेमकं आहे तरी काय?

ठाणे स्टेशनबाहेर उभे राहा. ठाणे परिवहनच्या बस दिसतील, एनएमएमटीच्याही दिसतील. उपक्रम वेगळे, डेपो वेगळे, कंडक्टरचा पगार वेगळ्या तिजोरीतून. पण रस्ता सगळ्यांचा एकच, आणि नवी मुंबईची बस ठाण्यात आली म्हणून तिला कुणी हाकलून देत नाही.

फेडिव्हर्स, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचं जाळं, असंच चालतं. जगभर हजारो सर्व्हर (लोकांच्या पोस्ट साठवणारे, पोचवणारे संगणक) आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा. कुणी विद्यापीठ चालवतं, कुणी हौशी माणसांचा गट, कुणी एकटाच. या सगळ्यांचा सामाईक रस्ता म्हणजे अॅक्टिव्हिटीपब. सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे हे नियम. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ते अधिकृत मानक म्हणून मान्य केले. त्यामुळे आमच्या सर्व्हरवरचा माणूस जर्मनीतल्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करतो, उत्तर देतो, आणि मध्ये कुठलीही एक कंपनी बसलेली नसते.

ईमेल वापरत असाल तर हे तुम्हाला नवं नाही. ईमेलसारखाच इथला पत्ता दोन भागांचा असतो: आधी तुमचं नाव, मग सर्व्हरचं.

मास्टोडॉन हे यातलं सगळ्यात माहीत असलेलं सॉफ्टवेअर. युजेन रोच्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आणलं.

पण फेसबुक-इन्स्टाने तुमचं काय घोडं मारलंय?

आमचं मारलं, म्हणून तर इथे आलो. नाव घेत नाही, पण एका बड्या व्यासपीठावर आमचं पान होतं. सहा हंगामांच्या नोंदी, फोटो, कुठल्या दिवशी किती पक्षी दिसले त्याच्या याद्या. एका सकाळी पान बंद. कारण म्हणून एक ठरावीक वाक्य, ज्याचा आमच्याशी काहीच संबंध नव्हता. अपील केलं, तर दोन मिनिटांत नकार आला. दोन मिनिटांत माणसाने काही वाचलं असेल यावर माझा विश्वास नाही. नोंदींची दुसरी प्रत नव्हती, हा मात्र आमचा गाढवपणा.

शिवाय ज्याचं दुकान तो ते कधीही बंद करू शकतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. टिकटॉक जून २०२० मध्ये सरकारी आदेशाने एका रात्रीत गेलं आणि गावागावांतल्या कलाकारांचा प्रेक्षक त्याच्याबरोबर गेला. ‘आपलं स्वदेशी’ म्हणून गाजलेलं कू जुलै २०२४ मध्ये बंद झालं. स्वदेशी की परदेशी हा इथे मुद्दाच नाही. चावी एकाच्या खिशात होती, हा आहे.

ओपन सोर्स म्हणजे फुकट ना?

पैसे लागत नाहीत हे खरं, पण ते दुय्यम. मुख्य गोष्ट अशी की सॉफ्टवेअरचा कोड कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं, आपल्या यंत्रावर चालवू शकतं. मास्टोडॉनचा परवाना आहे एजीपीएल. त्यातली मेख अशी: तुम्ही कोड बदलून लोकांना त्यावरची सेवा दिलीत, तर बदललेला कोडही त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशल या समाजमाध्यमाने मास्टोडॉनचाच कोड घेतला आणि आधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मास्टोडॉनवाल्यांनी परवान्यावर बोट ठेवल्यावर त्यांना कोड खुला करावा लागला. तेव्हा नुकत्याच अध्यक्षपदावरून उतरलेल्या माणसालाही परवाना लागू झाला, हे मला आवडतं.

नावं किती आहेत ही! कुठलं कशासाठी?

छोट्या पोस्ट आणि गप्पांसाठी मास्टोडॉन. फोटोंसाठी पिक्सेलफेड, डॅनियल सुपरनॉल्ट या कॅनडातल्या माणसाने सुरू केलेलं. व्हिडिओसाठी पीअरट्यूब, फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचं. रेडिटसारख्या चर्चांसाठी लेमी. हे सगळे एकाच रस्त्यावरचे, म्हणून मास्टोडॉनवर बसून पीअरट्यूबचं चॅनेल फॉलो करता येतं.

ग्रुप चॅटसाठी मेट्रिक्स आहे, त्याचं नेहमीचं अॅप एलिमेंट. तेही विकेंद्रित, पण त्याचा रस्ता वेगळा. सिग्नलबद्दल सारखं विचारलं जातं: सिग्नलचा कोड खुला आहे, तो चालवणारी संस्था ना-नफा आहे, पण सर्व्हर त्यांचेच. म्हणजे खुलं आहे, विकेंद्रित नाही. तरी खाजगी बोलण्यासाठी मी सिग्नलच वापरते.

आणि ब्लूस्काय? थ्रेड्स?

ब्लूस्कायचा स्वतःचा वेगळा रस्ता आहे, एटी प्रोटोकॉल नावाचा. दिसायला जुन्या ट्विटरसारखं, रुळायला सोपं. कागदावर विकेंद्रित, पण बहुतेक माणसं अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरांवर आहेत. थ्रेड्स मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं; २०२४ पासून ते काही प्रमाणात फेडिव्हर्सशी जोडलं गेलं आहे. त्याला जोडून घ्यायचं की दाराबाहेर ठेवायचं यावर आमच्या बैठकीत दीड तास भांडण झालं, चहा गार झाला, आणि शेवटी ‘ज्याला नको त्याने आपल्यापुरतं ब्लॉक करावं’ असं ठरलं.

मी कुठला सर्व्हर निवडू? तुमचाच घ्यायला हवा का?

मुळीच नाही. आमच्याकडे पक्षी, खाडी, कांदळवन यांत रस असलेल्यांनी यावं. क्रिकेटवर बोलायला आलात तर कुणी हाकलणार नाही, पण एकटे पडाल. सर्व्हर निवडताना त्याचं ‘अबाउट’ पान वाचा: नियम काय आहेत, चालवणारे कोण, पैसे कुठून येतात. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायला सर्व्हरला काही वचनं द्यावी लागतात. रोज बॅकअप घ्यायचा, गरज पडली तर हात घालू शकेल असा निदान एक दुसरा माणूस हवा, आणि बंद करायचा झाला तर निदान तीन महिने आधी कळवायचं. घर भाड्याने घेताना आपण पाण्याची वेळ विचारतो ना, तसंच हे.

भारंभार माणसांचा सर्व्हर घेऊ नका, एवढा माझा सल्ला. हजारो लोकांवर दोन-तीन जण लक्ष ठेवणार असतील तर तक्रारीला उत्तर यायला वेळ लागतो. आणि एकमेव सर्वांत मोठ्या सर्व्हरवर सगळेच गेले तर एवढा खटाटोप कशाला केला?

आमचे सगळे तर व्हॉट्सअॅपवर. इथे भेटणार कोण?

खरं सांगायचं तर सुरुवातीला फार कुणी नाही. तुमची मावशी इथे नाही, शाळेचा ग्रुप नाही, सोसायटीची पाण्याच्या टँकरवरची भांडणं नाहीत. (शेवटच्या गोष्टीची मला तरी आठवण येत नाही.)

भारतातून इकडे लाटा आल्या, पण ओसरल्याही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा रागावलेले बरेच भारतीय मास्टोडॉनवर आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून त्याहून मोठी लाट आली. दोन्ही वेळा अनेक जण महिन्याभरात परतले. मला त्याचं कारण साधं वाटतं: ते एकेकटे आले. मित्रमंडळ तिकडेच राहिलं, मग इथे करमणार कसं?

म्हणून आम्ही उलटं केलं. आधी आठ जण एकदम आलो, तेही एका ठरलेल्या कामासाठी: हिवाळी पक्ष्यांच्या नोंदी. पहिले तीन महिने व्हॉट्सअॅपवर नोंद टाकायचीच नाही, असा नियम केला. दोघं रुसले, एक परत आला. तुमचं भजनी मंडळ असो, ट्रेकिंगचा ग्रुप असो, काम घेऊन या आणि जोडीने या.

टाइमलाइन इतकी शांत का? काही बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. इथे तुम्हाला काय दाखवायचं हे ठरवणारं यंत्र नाही. ज्यांना फॉलो कराल त्यांच्या पोस्ट, जशा लिहिल्या त्या क्रमाने, बस्स. पाच जणांना फॉलो केलंत तर पाच जणांचंच बोलणं ऐकू येणार. पन्नास जणांना करा. हॅशटॅगही फॉलो करता येतात. आवडलेली पोस्ट ‘बूस्ट’ करा, म्हणजे आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवा. नुसत्या चांदणीने (इथलं लाइक) ती पुढे जात नाही, ती फक्त लिहिणाऱ्याला पोचपावती. जाहिराती नाहीत, त्यामुळे कुणाला तुम्हाला इथे तासभर अडकवून ठेवण्यात फायदा नाही. शांतता त्यातूनच येते.

मराठीत नीट चालतं का?

चालतं. एका पोस्टला मास्टोडॉनवर सहसा ५०० अक्षरांची मर्यादा असते, म्हणजे एक परिच्छेद आरामात बसतो. पोस्ट लिहिताना भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. हे आळसाने टाळलं जातं आणि मग मराठी पोस्टवर इंग्रजीचा शिक्का बसतो. भाषेनुसार गाळून वाचणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी उच्चारात वाचायला जातं. आमच्या एका सदस्याने तो प्रकार मला मोबाइलवर ऐकवला. ‘खंड्या’चं जे काही झालं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच कारणाने फोटोला वर्णन लिहा. फेडिव्हर्सवर ही सवय इतकी रुजलेली आहे की वर्णन नसलेला फोटो बूस्ट करायला अनेक जण तयार नसतात. ‘पक्षी’ एवढंच लिहू नका. ‘चिखलात एका पायावर उभा रोहित, मान पाठीवर वळवलेली, मागे ऐरोलीचा पूल’ असं लिहा. गंमत अशी की वर्णन लिहायला लागल्यापासून आमच्यातले निम्मे लोक पक्षी अधिक नीट बघायला लागले.

माझे खाजगी मेसेज खाजगी राहतात का?

नाही. हे ठळक अक्षरांत लिहायला हवं खरं तर. मास्टोडॉनवरचा खाजगी उल्लेख एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो डेटाबेस उघडून वाचू शकतो, तुमचा आणि समोरच्याचाही. मी वाचत नाही, पण तुम्ही माझ्या शब्दावर का विसंबायचं? दुसरी खोच: खाजगी पोस्टमध्ये तिसऱ्या माणसाचं नाव पत्त्यासकट घेतलंत, तर ती पोस्ट त्यालाही जाते. सासूबद्दलची तक्रार सासूलाच टॅग करून पाठवल्यासारखं. बँकेचे तपशील, आजारपण, घरातली भांडणं यांसाठी सिग्नल.

पक्ष्यांपुरता आमचा एक जादा नियम आहे: घरट्याची नेमकी जागा कधीच लिहायची नाही. मास्टोडॉन फोटोतली जागेची माहिती काढून टाकतं, पण तुम्हीच मजकुरात ‘तिसऱ्या खांबामागे’ लिहिलंत तर त्याला कोण काय करणार?

सर्व्हरचा खर्च किती? पैसे कोण देतं?

सोसायटीचं मेंटेनन्स समजा. भाड्याच्या सर्व्हरला महिन्याला साधारण दोन हजार रुपये लागतात. चाळीस जण, माणशी महिन्याला पन्नास. वर्षाचे सहाशे एकदम घेतो, कारण दरमहा पन्नास रुपये मागत फिरायला खजिनदार तयार नाही. विद्यार्थ्यांकडून घेत नाही. हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवतो.

पैशापेक्षा जास्त लागतो तो वेळ. गेल्या फेब्रुवारीत, ऐन रोहितांच्या हंगामात, सर्व्हर पहाटे बंद पडला. कुणी हल्ला केला की काय म्हणून मी घामाघूम. निघालं काय, तर डिस्क भरली होती. आपण बाहेरच्या ज्यांना फॉलो करतो त्यांचे फोटो-व्हिडिओ आपला सर्व्हर स्वतःकडे उतरवून ठेवतो, आणि आमच्या मंडळींनी जगभरचे पक्षिछायाचित्रकार फॉलो केले होते. चाळीस माणसांच्या सर्व्हरवर निम्म्या पृथ्वीचे पक्षी येऊन बसले होते. जुने उतरवलेले फोटो आपोआप पुसण्याची मुदत सेटिंगमध्ये असते. ती मी ठरवलीच नव्हती. आता सात दिवसांची आहे. पोस्ट गेल्या नाहीत, पण रविवारची गणना वहीत लिहावी लागली. वही अजून जपून ठेवली आहे, हरकत नाही.

ऐरोली-महापेला एवढी डेटा सेंटर आहेत. सर्व्हर तिथेच आहे का? की तुमच्या घरी?

ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की रबाळे-घणसोलीच्या आसपास औद्योगिक पट्ट्यात बिनखिडक्यांच्या त्या अवाढव्य इमारती दिसतात. आमचा सर्व्हर त्यांतल्याच एकीत कुठेतरी आहे, भाड्याच्या यंत्राचा एक तुकडा. खाडीचे फोटो खाडीपासून काही किलोमीटरवर साठतात याचं मला उगाच बरं वाटतं.

घरी ठेवायचा प्रयोग एकाने केला होता. वीज गेली की सर्व्हर गेला. शिवाय घरगुती ब्रॉडबँडवर बहुधा अनेक घरांना मिळून इंटरनेटवर एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे बाहेरून आत येणं मुश्किल. शिकायला छान, चाळीस जणांसाठी नको.

सर्व्हर बंद पडला तर माझं सगळं गेलं?

फायरफॉक्सवाल्या मोझिलानेही आपला मास्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला, तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. मास्टोडॉनमध्ये खातं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येतं. तुमचे फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी उतरवून नव्या ठिकाणी चढवता येते. जुन्या पोस्ट मात्र बरोबर येत नाहीत. त्यांची प्रत उतरवून घ्यायची, एवढंच. एकदा हललात की पुढचे तीस दिवस पुन्हा हलता येत नाही.

यात एक अट दडलेली आहे: हलताना जुना सर्व्हर जिवंत हवा. घराला आग लागल्यावर पॅकर्स-मूव्हर्सना फोन करून उपयोग नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आपली प्रत उतरवून घ्या. आमच्या त्या सहा हंगामांच्या नोंदी आठवा आणि घ्याच.

कुणी घाण लिहिलं तर काय करता?

आमच्याच सदस्याने लिहिलं तर आधी फोन. चाळीस जणांत हे जमतं, आणि छोट्या सर्व्हरचा खरा फायदा हाच. बाहेरच्याने लिहिलं तर त्याचं खातं ब्लॉक. एखादा अख्खा सर्व्हरच त्रासदायक निघाला तर त्याच्याशी संबंधच तोडता येतो. जुलै २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेलं गॅब हे समाजमाध्यम मास्टोडॉनच्या कोडवर आलं, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याला असंच वाळीत टाकलं. गॅब बंद झालं नाही, ते कुणाला बंद करताही आलं नसतं. पण त्याचा आवाज आपल्या अंगणात येऊ द्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं.

हे काम थकवणारं आहे. आम्ही तिघं आळीपाळीने बघतो.

एखाद्या पोस्टवरून पोलिसांत तक्रार झाली तर?

या भागाला तो अनुभव नवा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं तेव्हा, फेसबुकवरची एक पोस्ट आणि तिला दिलेला लाइक एवढ्यावरून दोन तरुणींना अटक झाली. ज्या कलमाची त्यानंतर देशभर चर्चा झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. पण बाकीचे कायदे आहेतच, आणि आपला सर्व्हर छोटा म्हणून ते लागू होत नाहीत असं मुळीच नाही. तुम्ही लिहिलेल्याची जबाबदारी तुमची.

सर्व्हर चालवणारे म्हणून आम्ही कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्थ’ ठरतो. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क सगळ्यांना दिसेल असा ठेवावा लागतो, आणि आलेल्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्यांना आणखी बरीच बंधनं आहेत; आम्हाला अजून एकोणपन्नास लाख नव्याण्णव हजार नऊशे साठ कमी पडताहेत. न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा रीतसर आदेश आला तर पाळू, आणि कायद्याने मनाई नसेल तर संबंधित सदस्याला कळवू. हे सदस्य होतानाच सांगतो.

माझी नववीतली मुलगी येऊ शकते का?

पाणथळीवर जरूर. सर्व्हरवर नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं ते मूल, आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती यंत्रणा आमच्याकडे नाही. तिच्या नोंदी तुमच्या खात्यावरून टाका, खाली तिचं नुसतं टोपणनाव द्या.

जुनी खाती बंद करून टाकू का?

घाई कशाला? माझंही फेसबुक आहे, वाढदिवस तिथेच कळतात. फक्त ज्या गोष्टी जपायच्या आहेत त्या आधी इथे टाका, मग तिकडे दुवा द्या. उलटं नको.

पहिली पोस्ट काय टाकू?

आपण कोण, राहता कुठल्या बाजूला (पत्ता नको), कशात रस आहे हे चार ओळींत, आणि दोन-तीन हॅशटॅग. हॅशटॅग नसेल तर अनोळखी माणूस तुमच्यापर्यंत पोचायला फारशी वाट नाही. कोपरखैरण्याच्या एका काकांनी हे काही न वाचता ‘टेस्ट टेस्ट’ असं लिहून खाली आदल्या दिवशीचा धूसर फोटो टाकला होता, हॅशटॅग मात्र पक्ष्याचा. संध्याकाळपर्यंत अकरा उत्तरं आली होती, त्यांतलं एक फिनलंडहून: हा तुतारी पक्षी इतक्या लवकर तुमच्याकडे पोचला?